चवीचं एक सँडविच

भाईंदरजवळच्या पालीच्या इनास नुनिसला मासे आवडत नसत, आणि ही गोष्ट गावाने त्याला कधीच माफ केली नाही. समोर दर्या, दारात बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील, घरात आजोबांपासूनची होडी, आणि हा गडी पानात पापलेटाची तुकडी पडली की ती बोटाने अशी बाजूला सारायचा, जणू कोणी वहाण वाढली आहे. त्याला पाहिजे मांस. डुकराचं, बकऱ्याचं, कोंबडीचं, बड्याचं, कुठलंही चालेल, पण मांस. त्याची आई सांगायची, बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबाने ओठाला मिठाचा खडा लावला तर बाकीची पोरं रडतात, याने तो चाटला आणि 'याच्याबरोबर खायला काय?' अशा नजरेने बघत राहिला. आईने रचलेलीच गोष्ट ती, पण गावात सगळ्यांना पाठ होती.

असा माणूस होडीवर टिकणार नव्हताच. १९३२ साली तो मुंबईत फोर्टातल्या एका साहेबी क्लबाच्या स्वयंपाकघरात लागला. आधी भांडी, मग भाज्या, मग दोन वर्षांनी मोठ्या खानसाम्याच्या हाताखाली मांस. तिथेच त्याची सँडविचशी ओळख झाली. पावाच्या दोन पातळ कापा, लोणी, मोहरीचा झणका, आणि मध्ये खारवलेल्या थंड मांसाचे कागदासारखे काप. साहेब लोक पत्ते खेळता खेळता ते नकळत खाऊन टाकायचे, याचा इनासला फार राग येई. एवढी चांगली वस्तू आणि हे लोक तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, म्हणायचा.

ते मांस खारवणं हीच त्याची खरी विद्या. बड्याच्या मांसाचा मोठा तुकडा काट्याने टोचटोचून घ्यायचा, त्याला खडं मीठ, चिमूटभर सोरा, लिंबाचा रस आणि मिरी चोळायची, बरणीत घालून वर पाटा ठेवायचा आणि दहा दिवस रोज उलटायचा. इथपर्यंत कोणीही करील. पुढचं कठीण. दहाव्या दिवशी जास्तीचं मीठ उतरावं म्हणून ते गोड्या पाण्यात घालायचं, सकाळी कडेचा एक पापुद्रा कापून उकडायचा आणि तोंडात टाकून ठरवायचं, की आणखी एक पाणी द्यायचं का दोन, का आता बास. हे मापाने होत नाही. मुर्ध्याच्या मिठागराचं मीठ वेगळं, राई गावचं वेगळं, आणि एकाच मिठागराचं मीठ मार्गशीर्षात एक बोलतं, वैशाखात दुसरं. इनास पापुद्रा तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा. त्याचं कधी चुकलं नाही.

शनिवारी क्लबातून सुटला की तो भाईंदरला उतरायचा आणि पालीची वाट धरण्याआधी स्टेशनमागच्या मिंगेलच्या दुकानात शिरायचा. मिंगेल गोव्याचा, बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता, गुडघे गेल्यावर इथे चार बाकडी टाकून बसला होता. रेल्वेचे गार्ड आणि मिठागरांचे कारकून हे त्याचं गिऱ्हाईक. इनास सँडविचचा एक घास घ्यायचा आणि सांगायचा, की या मांसाला पाटा हलका पडलाय, किंवा सहाव्या दिवशी उलटायचं विसरलास. मिंगेल चिडायचा, शिव्या द्यायचा आणि पुढच्या आठवड्यात सुधारायचा. एकदा इनासने नुसतं 'बरं हाय' म्हटलं, तर मिंगेलने त्या दिवशी ओळख नसलेल्या माणसांनाही चहा पाजला होता.

१९३८ साली बाप गेल्यावर इनास घरी परतला आणि लग्नांचा स्वयंपाकी झाला. पालीपासून डोंगरी गावापर्यंत ख्रिस्ती लग्नात मांस शिजवायचं ते इनासने, असं ठरूनच गेलं. डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आणि इंदियाल, आणि दुपारी मांडवात येणाऱ्या पाहुण्यांना सँडविच. हे सँडविच त्याने आणलं. आधी म्हाताऱ्या हसल्या, थंड मास कोण खातो म्हणाल्या, आणि वर्षभरात त्याच म्हाताऱ्या पदरात चार-चार बांधून घरी न्यायला लागल्या. त्याची बायको कातरीन भाईंदरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. नवरा मासे खात नाही यावरून बाजारातल्या बाया तिची थट्टा करायच्या. ती म्हणायची, माझ्या वाटणीचे वाचतात.

मग लढाई आली. १९४३च्या सुरुवातीला कल्याणजवळच्या एका लष्करी छावणीत स्वयंपाकी पाहिजेत असं कळलं, म्हणून इनास गेला. तिथे मांस पोत्यांनी यायचं. आणि तिथे त्याच्या हातून ते घडलं, ज्याबद्दल पुढे कित्येक महिने त्याचं मन त्याला खात राहिलं. गुड फ्रायडेचा दिवस होता. घरी त्या दिवशी कांजीशिवाय काही शिजत नाही, आणि इनास मांसाचा कितीही वेडा असला तरी आजवर त्याने तो दिवस पाळला होता. छावणीत साहेबांच्या टेबलावरून भाजलेल्या मांसाचा अख्खा तुकडा परत आला. आतून गुलाबी, वर चरबीची सोनेरी कड. आज कुठला वार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने पाव कापला, मोहरी लावली आणि भांडी घासायच्या मोरीमागे उभा राहून सँडविच खाल्लं. फार सुंदर होतं ते. तिथेच तर सगळं अडलं. वाईट असतं तर त्याला एवढं लागलं नसतं.

महिन्याभरात त्याला ताप भरला. एकवीस दिवस तो शुद्धीत नव्हता. कातरीन जाऊन त्याला घेऊन आली तेव्हा हाडांवर कातडं तेवढं राहिलं होतं. ताप उतरला, अंगात जरा जीव आला, तेव्हा तिने कुठून तरी डुकराचं मांस मिळवून इंदियाल केलं. त्या काळात ते मिळवायला तिने काय केलं असेल ते तिलाच ठाऊक. इनासने पहिला घास घेतला. जिभेला तिखट झोंबलं, डोळ्यात पाणी आलं, आणि बास. झोंबण्याच्या मागे काही नव्हतं. मांस दातांखाली तुटत होतं आणि त्याला ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटत होतं. कातरीन समोर बसून बघत होती. तो म्हणाला, बरं झालंय, आणि सगळं संपवलं.

त्याला वाटलं, आठ दिवसांत चव येईल. मग वाटलं, पावसाळा सरला की येईल. भाईंदरचा डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे, हळूहळू सुधारेल. गणपती गेले, दिवाळी गेली, नाताळ आला. नाताळच्या सोरपोतेलात त्याने गुपचूप तीन मिरच्या कुस्करल्या, निदान काहीतरी व्हावं म्हणून. तोंड भाजलं, चव आली नाही.

हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. कसं सांगणार? चव गेलेला स्वयंपाकी म्हणजे काय, हे गावाला समजावून द्यावं लागलं नसतं. एकदा बोभाटा झाला असता की पुन्हा कोणी लग्नाला बोलावलं नसतं. पण खरं सांगायचं तर पोटाची भीती दुसरी होती. पहिली भीती अशी, की मांस हाच या माणसाचा आनंद होता. त्याला दारूचा नाद नव्हता, गाण्याबजावण्याचा नव्हता. सकाळी डोळा उघडल्यावर ज्यासाठी उठावंसं वाटतं ती एकच गोष्ट, आणि तीच गेली. तो पंचेचाळीस वर्षांचा होता. अजून वीस-पंचवीस वर्षं असंच पुठ्ठा चघळत काढायची, या विचाराने त्याला बसल्या जागी घाम फुटायचा.

आशेला जागा होती ती लढाईमुळे. तेव्हा पावात काय नव्हतं? कोंडा, ज्वारी, वाळूसुद्धा. मांस मिळे ते म्हाताऱ्या, हाडकुळ्या जनावरांचं. जो तो म्हणत होता, खाण्यात काही राम राहिला नाही. इनासने हे वाक्य घट्ट धरून ठेवलं. सगळ्यांनाच बेचव लागतंय, मग माझं काय वेगळं? दोष जिन्नसात असेल. कुठेतरी एक जरी चांगलं सँडविच सापडलं आणि ते मला लागलं, तर मी धडधाकट आहे.

आणि त्यातच डोंगरीचा बावतीस घरी आला. बावतीसची एकुलती एक मुलगी, लग्न २० फेब्रुवारीला, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी. दोनशे पान. त्याने मांसाची सोयही लावली होती, वांद्र्याहून ओळखीच्या माणसाकडून येणार होतं. म्हणाला, इनास, सोरपोतेल कोणी पण करील, पण खारवलेलं मास तुझ्याच हातचं पाहिजे, पोरीने पहिल्यापासून तेच मागितलंय. इनासने हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

म्हणजे मांस मिठात पडायला पाहिजे ९ फेब्रुवारीला, बुधवारी. तोपर्यंत एक चांगलं सँडविच सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर डोंगरीला जाऊन खरं सांगायचं. असं त्याने स्वतःशी ठरवलं, आणि जानेवारीपासून तो भटकायला लागला.

भाईंदर स्टेशनसमोरच्या इराण्याकडे तो पाच वेळा गेला. इराणी तसा पाव-मस्कावाला, पण सांगितलं तर मांसाचे काप घालून द्यायचा. पहिल्या दिवशी इनास म्हणाला, मास शिळं हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जास्त शिजलंय. पाचव्या दिवशी इराण्याने हात जोडले आणि सांगितलं, सेठ, तुम दूसरी जगह खाओ, मेरा दिमाग मत खाओ. आजूबाजूचे हसले. इनासला हसू आलं नाही. शेजारच्या बाकड्यावर एक कारकून तेच सँडविच मिटक्या मारत खात होता, आणि इनास त्याच्या तोंडाकडे असा बघत राहिला की तो बिचारा उठून दुसरीकडे बसला.

मग कोणीतरी म्हणालं, घोडबंदरला बंदराजवळ एकाचं हॉटेल आहे, मोटारवाले तिथे थांबतात. इनास मिठाच्या पडावातून खाडीने घोडबंदरला गेला. हॉटेलवाल्याकडे सँडविच हा प्रकार नव्हता. इनासने त्याला चुलीपाशी बसून समजावलं, पाव असा काप, मास असं ठेव. त्याने हसत हसत करून दिलं आणि स्वतःलाही एक केलं. खाऊन म्हणाला, वा, ये तो अच्छी चीज है चाचा. इनासने घास तोंडात तसाच धरून ठेवला. तिथून चेण्याला एकाने शिकारीचं मांस आणलंय असं कळलं, तर तो पायी चेण्याला गेला. रानडुकराचं मांस होतं, वास घराबाहेर येत असणार, कारण कुत्री जमली होती. इनासला वाससुद्धा आला नाही. पाव त्याने बरोबर नेला होता. रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्याने ते सँडविच केलं, दोन घास खाल्ले, आणि उरलेलं कुत्र्यांना टाकलं. ती एकमेकांच्या अंगावर धावून गेली. त्याला कुत्र्यांचा हेवा वाटला. कुत्र्याचा हेवा वाटण्यापर्यंत आपण आलो, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो तिथेच बसून रडला.

देवाकडेही जाऊन झालं. तीन फेब्रुवारीला संत ब्लेझचा सण. त्या दिवशी पाद्रीबाबा दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात, गळ्याचे आजार बरे व्हावेत म्हणून. इनास रांगेत पोराबाळांच्या मागे उभा राहिला. त्याआधी त्याने पापनिवेदन केलं होतं, गुड फ्रायडेचं सँडविच कबूल केलं होतं. जाळीपलीकडून पाद्रीबाबा म्हणाले, देव एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाची चव काढून घेत नाही. प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना दिल्या. इनासला तीन प्रार्थना फार कमी वाटल्या. शिक्षा मोठी असती तर ती भोगून संपली तरी असती. मेणबत्त्या गळ्याला लागल्या, थंडगार. घरी जाऊन त्याने मिठाचा खडा तोंडात टाकला. खडा विरघळला आणि संपला.

कातरीन हे सगळं बघत होती. नवरा रोज उठून कुठे जातो, हे तिला बाजारात बसल्या बसल्या कळायचं. इराण्याची गोष्ट तर तिला तीन बायांनी तीन तऱ्हेने सांगितली. घरी तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, एक चांगलं सँडविच मिळत न्हाय या मुलखात, लढाईनं सगळं नासवलं. 

राहिला मिंगेल. इनासने त्याला मुद्दाम शेवटासाठी ठेवलं होतं. आजारपणानंतर तो त्या गल्लीत फिरकलाच नव्हता. मिंगेलचं सँडविच त्याच्या ओळखीचं होतं, त्यातली खोड न खोड त्याला ठाऊक होती. तेही लागलं नाही, तर मग पावाला, मांसाला, लढाईला, कशालाच दोष देता येणार नव्हता. मंगळवारी, आठ तारखेला, तो सकाळी पालीहून निघाला. उत्तन, डोंगरी, मोर्वा, राई. डोंगरीत बावतीसच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. इनास मान खाली घालून पलीकडून गेला.

मिंगेलने त्याला पाहिलं आणि बोटीवरच्या चार शिव्या घातल्या. मेलास असं ऐकलं होतं, म्हणाला. मग न विचारता आत गेला आणि बशी घेऊन आला. पाव काळपट, पण पातळ कापलेला. मांसाचे काप नेहमीपेक्षा जास्त, एकावर एक. लोणी जाड. मिंगेल बशी ठेवून समोरच उभा राहिला, हात पोटावर बांधून, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी गंमत लपवल्यासारखं हसू होतं. बाकड्यांवर दोन गार्ड होते, त्यांनाही त्याने डोळा घातला.

इनासने सँडविच दोन्ही हातांनी उचललं. क्षणभर थांबला. मनातल्या मनात त्याने मारियामायला हाक मारली, आणि घास घेतला.

काही नाही. लोण्याचा चिकटा, पावाचा भुगा, मधे काहीतरी मऊ. त्याने घास या गालातून त्या गालात नेला, दाबला, चावला, डोळे मिटले, उघडले. काही नाही. आणि गेल्या आठ महिन्यांचं जे पोटात साठलं होतं ते सगळं एकदम वर आलं. त्याने घास बशीत थुंकला.

"कुन्या गाढवानं खारवलंय हे?" तो ओरडला. "हे मास हाय? असं मास लोकांना घालतोस? ज्यानं हे मिठात घातलं त्याचे हात तोडले पाहिजेत."

गार्डांनी खाणं थांबवलं. मिंगेलचं हसू मावळलं. तो इनासकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग खाली वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.

"तेरी बायकोने खारवलं. कातरीनने. पंधरा दिवस झाले आणून दिलं. बोलली, तो येईल ना, तर त्यालाच दे, मी दिलं बोलू नको. तुझ्याच पद्धतीने केलं, बाबा. सगळं तुझ्यासारखं."

इनासला आधी समजलंच नाही. मिंगेलने मग सगळं सांगितलं. उत्तनला बहिणीच्या घरी तिने बरणी ठेवली होती, नवऱ्याला कळू नये म्हणून. रोज पाटी घेऊन जाता जाता ती वाट वाकडी करून मांस उलटून यायची. पाच-सहा वर्षं इनासला बघून बघून तिच्या हाताला सगळं ठाऊक झालं होतं. ती मिंगेलला म्हणाली होती, आपल्याच हातची पद्धत तोंडात पडली की हा ओळखील आणि हसत हसत घरी येईल.

इनास बशीकडे बघत बसला. स्वतःच्या पद्धतीचं मांस त्याने डोळे बांधून शंभर तुकड्यांतून ओळखलं असतं. आता ते दातांखाली होतं आणि त्याने करणाऱ्याला गाढव म्हटलं. आता शोधायला कुठलं दुकान उरलं नव्हतं. हे मांस चांगलं असो वाईट असो, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं आणि यापुढे पोचणार नव्हतं.

त्याने थुंकलेला घास बोटांनी उचलून पुन्हा तोंडात टाकला. मग उरलेलं सँडविच उचललं आणि खायला लागला. सावकाश, प्रत्येक घास चावून, बशीतला चुरासुद्धा गोळा करून. मिंगेल म्हणाला, राहू दे रे. इनासने ऐकलं नाही. संपल्यावर त्याने मिंगेलचा हात धरला आणि मी थुंकलो हे तिला कळू देऊ नकोस, एवढंच मागितलं. मिंगेलने मान हलवली.

परतीच्या वाटेवर त्याला भयंकर तहान लागली. राईच्या विहिरीवर तो ओंजळी भरभरून प्यायला, मोर्व्याला एका घरी तांब्या मागितला, उत्तनला पुन्हा. ऊन लागलं असेल, असं त्याला वाटलं. चालता चालता तो कातरीनला काय सांगायचं ते जुळवत होता. आपलं जे गेलं ते गेलं. पण तिने दहा दिवस वाट वाकडी केली होती. निदान तिचं तरी व्यर्थ जाऊ नये.

आता जे इनासला ठाऊक नव्हतं ते सांगितलं पाहिजे. कातरीनच्या हातून ते मांस बिघडलं होतं. सगळं तिने त्याच्यासारखं केलं, पण पाणी किती द्यायचं हे तिला ठरवता आलं नाही. दुसरं पाणी दिलं तर फिकं पडेल या भीतीने तिने एकावरच थांबवलं, आणि मांस समुद्रासारखं खारट झालं. बहिणीकडे तिने एक काप खाल्ला आणि दोन तांबे पाणी प्यायली. टाकून देणार होती. मग तिच्या मनात आलं, बरंच झालं की. हा मिंगेलकडे जाईल, एक घास खाईल आणि तरातरा घरी येऊन मला शिव्या घालील, की मूर्ख बाई, दुसरं पाणी कुठाय? आठ महिन्यांत त्याने तिच्या रांधण्याला एकदाही नाव ठेवलं नव्हतं. जे वाढेल ते बरं झालंय म्हणून खात होता, आणि त्याच्या त्या बरं झालंय म्हणण्याने तिचा जीव उडाला होता. पंधरा दिवस ती त्या शिव्यांची वाट बघत होती.

दिवस कलायला आला होता. कातरीन वलांडीवरचे बोंबील उतरवत होती. नवऱ्याला येताना बघून तिने हात थांबवला.

इनास तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हसला. किती दिवसांनी हसला होता.

"गावलं," तो म्हणाला. "मिंगेलकडं. पयल्या घासाला वळखलं मी, तुझा हात हाय म्हणून."

 कातरीनने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

"आनि मीठ?" तिने विचारलं. "मिठाचं कसं झालं?"

"अगदी बेताचं," इनास म्हणाला. "येवढं बेताचं मनासुद्धा कधी जमलं न्हाय."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो अजून हसतच होता. मग त्याने पाणी मागितलं. तिने तांब्या आणून दिला, त्याने तो एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितलं. तिने दुसरा दिला. तोही तो उभ्या उभ्या प्यायला, पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं, आणि तिसऱ्यासाठी त्याने तांब्या पुढे केला तेव्हा कातरीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"डोंगरीचं मास उद्या येल," ती म्हणाली. "ते मी घालतंय मिठात. तू म्होरं बसून सांग, कसं टोचायचं, कसं चोळायचं. पापुद्रा मी खाऊन बघीन."

इनासने तांब्या खाली ठेवला. का म्हणून त्याने विचारलं नाही. तो वलांडीकडे गेला आणि उरलेले बोंबील उतरवू लागला.